एक पाय चपलेबाहेर

अनंतामामा माझ्या खिडकीशी आले की उजवा पाय चपलेतून काढायचे आणि डाव्या पावलावर ठेवून उभे राहायचे. थांबायचंय की निघायचंय, हे त्या पायाचं कधी ठरलंच नाही. बोलणं दोन वाक्यांचं असो की लांबलचक, एक पाय चपलेत, एक बाहेर. मी म्हणायचो, "मामा, आत या, बसा तरी." त्यावर उत्तर ठरलेलं होतं, "नको रे भाऊ. बसलो का डोका चालाय लागतो."

मुरबाडच्या एमआयडीसीत आमचा तारा ओढण्याचा कारखाना आहे. मामा तिथे भट्टीवर होते आणि मी टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी, रजा, पगार आणि वर सगळ्यांच्या शिव्या. मामा कॅन्टीनमध्ये चहा घ्यायचे तोही फिरत. जेवणाच्या सुट्टीत कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या. संध्याकाळच्या एसटीत जागा असली तरी दाराजवळचा दांडा धरून उभे. कंडक्टर वैतागून म्हणायचा, "मामा, उभ्याचं तिकीट स्वस्त नसतं हो." नव्या पोरांना वाटायचं, हा माणूस जन्मापासूनच असा. तसं नव्हतं. मी कामाला लागलो तेव्हा हेच मामा सुट्टीत गेटजवळच्या जांभळीखाली पाय पसरून घोरत असायचे, आणि भोंगा झाला तरी त्यांना हलवून उठवावं लागायचं.

आता माझ्याबद्दलही एक सांगायला हवं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. आमच्या घरात कुणाचं लग्न ठरत असलं तर मला ते पत्रिका छापून आल्यावर कळतं. अशा माणसाच्या गळ्यात मामांनी आपलं गुपित बांधलं. त्यांचाही नाइलाज होता, कारण ते माझ्याच टेबलावर येऊन पडलं होतं.

शहापूरच्या एका पतसंस्थेकडून वसुलीचा हुकूम आला होता. थकलेल्या कर्जापोटी जामीनदाराच्या पगारातून दरमहा कपात करून रक्कम संस्थेकडे भरावी, असा. हे हुकूम आमच्याकडे नवीन नव्हते. कुणी मोटरसायकलचे हप्ते थकवलेले, कुणी मित्राला जामीन राहिलेला. मॅनेजरसाहेब असा कागद माझ्याकडे सरकवताना "बघा याचं" एवढंच म्हणत, आणि मी बघायचो. पण या वेळी जामीनदार म्हणून मामांचं नाव होतं, आणि कर्जदाराचं नाव वाचल्यावर तर मी कागद उलटा घालून ठेवला आणि भट्टीवर निरोप धाडला.

मामा आले. कागदाकडे त्यांनी बघितलंही नाही. "दार लाव," म्हणाले आणि स्टुलावर बसले. कारखान्यात मी त्यांना बसलेलं पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

कर्जदार म्हणजे त्यांचे व्याही, रघुशेठ. किन्हवलीच्या अलीकडच्या एका गावातली वजनदार असामी. पांढरी टोपी, खिशाला पेन, चार गावांत भावकीची भांडणं मिटवायला पहिलं बोलावणं यांना. मामांची एकुलती एक मुलगी वैशाली त्यांच्या घरात दिलेली. लग्न ठरलं तेव्हा रघुशेठनी भर बैठकीत सांगितलं होतं, "आम्हाला हुंडा नको. पोरगी द्या आन नारळ द्या." मामा त्या शब्दांवर इतके खूश झाले की कारखान्यात ज्याला त्याला ऐकवत सुटले. मग बस्त्याचा दिवस आला. दोन्हीकडची माणसं लग्नाचे कपडे घ्यायला शहापूरला गेली. साड्यांचे गठ्ठे बांधून झाले, दुकानदाराने सगळ्यांना थंडा पाजला, आणि रघुशेठ मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्याही, इथं बाजूलाच संस्था हाय. मी पोल्ट्रीचा शेड टाकतोय. पगारवाल्याची एक सही लागते. या जाऊन पटकन."

"आणि तुम्ही गेलात?" मी विचारलं.

"माझ्या काखेत पोरीच्या साड्यांचा गठ्ठा व्हता, भाऊ. तो घेऊनच गेलो. गठ्ठा टेबलावर ठेवला आन सही केली. नाय कसा म्हननार? मांडव घालायचा व्हता अजून."

पोल्ट्री दोनेक वर्षं बरी चालली. मग कोंबड्यांत रोग आला, पिल्लं पुरवणाऱ्यांनी हात वर केले, शेड ओस पडलं आणि हप्ते थांबले. दुसरा जामीनदार तोवर वारला होता. रघुशेठना पगार नव्हता, मामांना होता. संस्थेने जिथून पैसा सहज निघेल तिथे हात घातला.

मला असल्या वेळी गप्प बसवत नाही. मी तावातावाने म्हणालो, "हरकत घेऊ. कर्ज ज्याने घेतलं त्याचं घर आहे, शेड आहे, जमीन आहे. आधी तिकडून वसूल करा, असा अर्ज मी लिहून देतो."

"लिव," मामा म्हणाले. "मग ते जीप घेऊन त्याच्या दारात जातील. दारात कोन असंल? माझी वैशू. चार बाया जमतील आन म्हनतील, हिच्या बापाने धाडले ते लोक. मग ती तिथं कशी ऱ्हायची?"

मी पेन खाली ठेवलं. मामांची खरी भीती त्याहून जवळ होती. जावई आमच्याच कारखान्यात पॅकिंगला होता. सरळ मुलगा, पण डोक्याने तापट. "त्याला कळला तर तो बापाशी भांडंल," मामा म्हणाले. "बापलेक भांडले का खापर सुनेवर फुटतो. तू कुनाला बोलायचा नाय. तुझ्या पोरांची शपथ हाय तुला." माझी मुलं तेव्हा शाळेत होती. त्यांच्या अभ्यासाची काळजी सोडून मला त्यांच्या जिवाची काळजी लागली.

त्या काळी पगाराच्या स्लिपा सुपरवायझर खात्यात नेऊन वाटायचा, आणि लोक आपली सोडून दुसऱ्याची आधी बघायचे. मामांची स्लिप मी बाजूला काढून ठेवू लागलो. पगाराच्या दिवशी पहिल्या भोंग्याच्या आत ते खिडकीशी हजर. स्लिप घ्यायची, न बघता तिच्या बारीक घड्या करायच्या आणि तंबाखूच्या डबीत कोंबायच्या. पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असायचा, त्याबद्दल चकार शब्द नाही. विचारायचे एकच, "जावयाला काय बोलला नाय ना?" मी नाही म्हणायचो. मग तो बाहेरचा पाय चपलेत जायचा आणि मामा निघायचे.

मी शहापूरचा. रोजची माझी एसटी किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जाते आणि वैशालीच्या गावाचा फाटा वाटेतच लागतो. अधूनमधून ती सकाळची तिथे उभी असायची आणि खिडकीतून पिशवी वर करायची, "दादा, आबांना द्या." कधी वालाच्या शेंगा, कधी करटोली, कधी फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. ती पिशवी मी भट्टीवर पोचवायचो. मामा आत नाक घालून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "पोर सुखात हाय." त्या पिशवीसाठी तर त्यांनी सगळं चालवलं होतं.

वैशालीला मुलगा झाला. आमच्याकडे पहिल्या नातवाला आईच्या बापाने चांदीचे वाळे घालायचे असतात. कुणी मागत नाही, पण आलेल्या बायका बाळाच्या पायांकडेच आधी बघतात. बाळंतपणाचा खर्च आणि कपात, यातून मामांकडे वाळ्यांपुरतं काही उरलं नव्हतं. त्यांनी काळ्या मण्यांच्या मनगट्या नेल्या. बारसं सासरी होतं. कुणी काही बोललं नाही, सासूही नाही. रघुशेठ मध्यभागी बसले होते, पानाचं तबक पुढे घेऊन. "तो माझ्याकडं बघतच नव्हता," मामा मला म्हणाले. "पान लावीत व्हता. लावलेला पान सोडायचा आन परत लावायचा."

पुढच्याच आठवड्यात फाट्यावर वैशालीने पिशवी दिली आणि खिडकीचा गज सोडला नाही.

"दादा, आबांचा पगार टाइमावर होतो ना?"

"होतो की."

"मग जातो कुठं?"

एसटी सुटली म्हणून मी वाचलो. मुरबाडला पोचलो तसा थेट भट्टीवर गेलो. मामांना सांगितलं. त्यांनी दोन दिवस कुंपणाच्या इतक्या चकरा मारल्या की वॉचमनने मला येऊन विचारलं, मामांचं काय हरवलंय का. तिसऱ्या दिवशी ते खिडकीशी आले, चेहरा उजळलेला.

"भाऊ, सापडला मार्ग. मना नाद हाय म्हनून सांगायचा."

"कसला नाद?"

"पोरं मोबाइलवर रमी खेळतात ना, तसा."

"मामा, तुमच्या मोबाइलला बटणं आहेत."

त्यांनी खिशातून मोबाइल काढून त्याच्याकडे जरा बघितलं. "मग दारूचा?"

"दारूला तोंडाचा वास लागतो. शिवाय प्यायलेल्या माणसाला भट्टीवर कोण उभं करील?"

"मग आकडा," मामा म्हणाले. "मटक्याला वास नसतो."

मटक्याचा आकडा कसा लावतात, कुठे लावतात, याचा मामांना गंध नव्हता. पण दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये, जावई शेजारच्या टेबलावर असताना, हा माणूस मोठ्या आवाजात म्हणाला, "काल पन गेला माझा आकडा." सगळे चमकून बघू लागले. तार ओढणाऱ्यांपैकी एकाने डोळा मारून विचारलं, "मामा, आज काय धरलाय?" मामा गडबडले. "सत्ता," म्हणाले, तोंडाला आला तो सातचा आकडा. त्या पठ्ठ्याने खरोखर सत्ता लावला आणि दुसऱ्या दिवशी तो नाचत आला. सत्ता लागला होता. पुढचा आठवडाभर मामांच्या मागे माणसं. येरझाऱ्या घालणारा माणूस आकड्याचा अभ्यास करतो, असं सगळ्यांना वाटायला लागलं. मामांनी सांगितलेले नंतरचे सगळे आकडे वाया गेले तेव्हा ती माणसं शिव्या देत पांगली, पण नाव लागायचं ते लागलं. मामा मला म्हणाले, "चला, आता कोन काय विचारनार नाय." मी हसलो होतो त्या वेळी. आजही ते दृश्य आठवलं की आधी हसूच येतं, आणि मग येत नाही.

कारण फाट्यावरची पिशवी बंद झाली. वैशाली दिसायची कधी, पण मान फिरवून. मामा सकाळी मला गेटवर गाठायचे, काहीतरी हवापाण्याचं बोलायचे आणि बोलता बोलता माझ्या हातांकडे एकदा बघायचे. माझ्या हातात माझाच डबा असायचा. मी तो पाठीमागे धरायला लागलो.

दिवाळीत ते फराळ घेऊन तिच्याकडे गेले. सुट्टीनंतर कारखाना सुरू झाला तेव्हा तीच फराळाची पिशवी भट्टीजवळच्या खिळ्याला लटकत होती आणि मामा सगळ्यांना चकल्या वाटत होते. "पोरीने धाडल्या काय, मामा?" कुणीतरी विचारलं. "हां," मामा म्हणाले. खिडकीशी आल्यावर मला खरं सांगितलं. वैशालीने त्यांना उंबऱ्यातच थांबवलं होतं. म्हणाली, "आकड्यातनं उरलेला इथं नको आनू, आबा. आत माझा सासरा बसलाय. मना लाज वाटते."

"आणि सासरा?" मी विचारलं. "तो काय करत होता?"

"खोकला," मामा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी रघुशेठना नाही नाही ते बोललो. टोपी काय, पेन काय, मध्यस्थी काय, सगळं काढलं. मामांनी ऐकून घेतलं आणि मग, त्या इतक्या वर्षांत एकदाच, माझ्यावर आवाज चढवला. "तू त्याला बोलू नको. तो चोर नाय. त्याचा धंदा बसला. भात झोडून झाल्यावर तो माझ्या घरी गोनभर तांदूळ टाकून गेला. पानी प्याला, पावसाचा बोलला, गुरांचा बोलला, आन मेन बोलायचा तो तोंडातच ऱ्हायला. मी बघत व्हतो ना. त्याच्याने निघंना. आन माझ्या पोरीवर त्याने कधी आवाज केला नाय. मी हात पसरला असता आन त्याने तो राग तिच्यावर काढला असता, मग?" एवढं बोलून ते निघून गेले, एक चप्पल खिडकीखालीच विसरून. ती घेऊन मी त्यांच्या मागे भट्टीपर्यंत गेलो.

मामा निवृत्त झाले तेव्हाही व्याजासकट बरंच शिल्लक होतं. मला मात्र आनंद झाला होता. पगार संपला म्हणजे कपात संपली, आणि ग्रॅच्युइटी, फंड यांना जप्ती लागत नाही. मी त्यांना छाती फुगवून सांगितलं, "मामा, सुटलात. या पैशाला कायद्याने कुणी हात लावू शकत नाही."

"मी सुटलो," मामा म्हणाले. "मग ते लोक कुठं जातील?"

मी फंडाचा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

"ग्रॅच्युइटी जमा झाली का तू माझ्यासंगती संस्थेत चल. तिथला बोलना मना कळत नाय."

"मामा, तुमच्या घराचे पत्रे गळतात. मामी पावसाळाभर टोप मांडून बसतात. त्या पैशातून आधी..."

"गळतात ते माझ्या घरात," मामा म्हणाले. "तिथं नाय गळत."

आम्ही शहापूरला संस्थेत गेलो. मामांनी खुर्ची नाकारली. पैसे भरले, आणि कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला निघाला तो अर्थातच रघुशेठच्या नावाने. तो माझ्या हातात देऊन मामा म्हणाले, "फाट्यावर उतर आन त्याला दे. त्याच्या हातात. घरात नको."

मी उतरलो. रघुशेठ ओस शेडच्या बाहेर खाट टाकून बसले होते. दाखला त्यांनी वाचला, घडी केली, परत उघडून वाचला. टोपी काढली, पुन्हा घातली. "चहा घेता?" म्हणाले. मी चार खरमरीत वाक्यं वाटेतच जुळवून ठेवली होती. पण दाखला त्यांना काही केल्या खिशात घालता येईना, शेवटी मीच तो पेनाशेजारी सरकवून दिला. चहा न घेता निघालो आणि पुढची एसटी येईपर्यंत फाट्यावर मामांसारख्या येरझाऱ्या घालत राहिलो.

त्या वर्षाअखेरीस रघुशेठ गेले. आमच्याकडे दहाव्याला नदीवर माणूस जमतो आणि माइक लागतो. पिंडाला कावळा शिवायच्या आधी आणि नंतर गावोगावचे पुढारी श्रद्धांजली वाहतात. मी आणि मामा मागे करंजाच्या झाडाखाली उभे होतो. एकाने माइक हातात घेतला आणि सुरू झाला, "रघुशेठनी अख्ख्या आयुष्यात कुणाचा रुपया ठेवला नाही. आज ते गेले ते कुणाचं देणं मागे न ठेवता गेले." आणि कहर म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. माझा पाय आपोआप पुढे पडला. मला वाटतं, तो माइक मी ओढून घेतला असता. मामांनी माझं मनगट धरलं. भट्टीवरचा हात तो, हलताच येईना. समोर बघत ते मान डोलवत होते, अगदी मनापासून, जसं काही हे त्यांना नव्यानेच कळत होतं.

चहाच्या वेळी वैशाली आमच्याकडे आली. डोळे रडून सुजलेले. बापाच्या हातात कप दिला आणि म्हणाली, "ऐकला ना, आबा? असा नाव कमवावा लागतो."

"हां गो," मामा म्हणाले. "खरा हाय." आणि कप घेऊन चालायला लागले, नदीच्या कडेकडेने.

मामा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. सरळगावच्या बाजारातून येताना रस्त्याच्या कडेला खाली बसले. बरोबरच्या माणसाने मला नंतर सांगितलं, "मामा बसले तवाच आमी वळकला का कायतरी बिघाडला." दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

वाटलं होतं, माणूस गेला की गुपिताचं ओझंही उतरेल. उलट झालं. आता ते माहीत असणारे मामी आणि मी, दोघेच. मामी बोलणाऱ्यांतल्या नाहीत, आणि मी तर बोलल्याशिवाय राहणाऱ्यांतला नाही. सकाळी फाटा जवळ आला की मी एसटीत उगाच उठून उभा राहायचो. बायकोने विचारलं, "तुम्हाला हल्ली स्वस्थ का बसवत नाही?" तिलाही सांगता येईना.

मग गेल्या महिन्यात वैशाली कारखान्यात आली. मामींच्या पेन्शनच्या कागदांवर कंपनीचा शिक्का हवा होता. नवऱ्याकडे दिले असते तर त्याने जेवणाच्या सुट्टीत आणून दिले असते, तो समोरच पॅकिंगला आहे. पण ती स्वतः आली. मी म्हटलं, "आत ये, बस." ती म्हणाली, "नको, दादा." मी शिक्का मारता मारता खिडकीतून सहज खाली बघितलं. तिचा उजवा पाय चपलेबाहेर होता.

कागद घेऊनही ती हलेना.

"दादा, इतकी वर्षं तुमी आबांचा पगार काढला. खरा सांगा. आबा आकडा लावायचा काय?"

शपथ होती ती व्याह्यांबद्दल. आकड्याबद्दल नव्हती. कारकून माणूस अशा वेळी जो हिशोब करतो तो मी केला. "नाही," म्हणालो. "आकडा कसा लावतात, हेच त्यांना माहीत नव्हतं."

तिने हातातल्या कागदांची गुंडाळी केली, सोडली, परत केली. "मग पगार जायाचा कुठं?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. त्या वेळी आलं नाही. नजर चुकवायची म्हणून मी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं, आणि पलीकडे होतं पॅकिंगचं शेड. तिचा नवरा दारातच उभा राहून तारेच्या भेंडोळ्यांना पट्ट्या मारत होता. मी काय बघतोय ते बघायला ती वळली. मग तशीच उभी राहिली, पाठमोरी.

"आमचे सासरे," ती म्हणाली, "शेवटी शेवटी माझ्या हातचा पानी प्याले का रडायचे. मना वाटायचा, म्हातारपन. एकदा म्हनले, तुझ्या बापाला बोलव, माझा काम हाय. मी नाय बोलावला. म्हटला, आकडेवाल्या मानसाशी ह्यांचा काय काम?"

शेडमध्ये कुणीतरी तिच्या नवऱ्याला हाक मारली. त्याने आमच्याकडे बघून हात केला. तिनेही केला. मग ती वळली. चेहरा पार उतरला होता आणि डोळे मात्र कोरडे होते. इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेलं सगळं माझ्या ओठांशी आलं. बस्ता, सही, डबीत कोंबलेल्या स्लिपा, ग्रॅच्युइटी. मी तोंड उघडलं.

तिने चप्पल सरळ केली आणि बाहेरचा पाय आत घातला.

"नका सांगू, दादा," ती म्हणाली. "मना त्याच घरात ऱ्हायचा हाय."